तानूकाकीच्या तीन पितळ्या

माझ्या धाकट्या दिराचं, जालिंदरचं लग्न झालं, त्याच साली मार्गशीर्षात काटेवाली बाई आमच्या टाकेवस्तीवर आली. शेवंता वैशाखात सून होऊन घरात आली होती आणि मार्गशीर्षात तिला पाचवा महिना लागला होता.

मी दारात भांडी घासत होते. आत्या चुलीपुढनं ओरडल्या, "कौसे, ते ऱ्हाऊ दे. आदी तानूच्या घरला जा आन तिच्या पितळ्या घिऊन ये. तिन्ही आन."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"पितळ्या कशाला, आत्या?"

"जेवायला. दुसरं काय करत्यात पितळीत? आंगूळ?"

शेवंता पीठ मळत होती, ती तोंडावर पदर घेऊन हसली. मी मात्र तशीच उभी राहिले. आमच्या घरात चार पितळ्या होत्या. एक मामंजींची, एक आमच्या मालकांची, एक जालिंदरची आणि चौथी आल्या-गेल्या पाहुण्याची. आम्हा बायकांना ताट नव्हतं. बापयांचं जेवण झालं की ज्याच्या-त्याच्या बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या पितळीत वाढून घ्यायचं. सगळ्या वस्तीची हीच रीत होती आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

"ती शेरातली बाई आज आपल्याकडं बसनार हाय," आत्या म्हणाल्या. "कोन किती खातं ते काट्यावर तोलनार हाय म्हनं. बापय येगळं, बाया येगळ्या. आन तिनं आपल्या सुना उष्ट्या ताटात बघायच्या व्हय? माघात ठकूला बघायला मानसं येनारेत. सुना उपाशी ठेवनारं घर, आसं एकदा गावात झालं, की कोन करंल आपली लेक?"

ठकू माझी नणंद. तिच्यासाठी आत्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"आमाला बी तोलनार व्हय, आत्या? गुळाच्या ढेपीवानी?" शेवंतानं विचारलं.

"तुला न्हाई गं बये, तुज्या भाकरीला. तुला तोलून काय हाती लागायचंय?"

हे आत्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण म्हणून झाल्यावर त्यांची नजर शेवंताच्या मनगटावर गेली. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. महिन्यापूर्वी नर्सबाई येऊन गेली होती. तिनं शेवंताची खालची पापणी ओढून बघितली आणि आत्यांना म्हणाली, "अंगात रक्तच नाही हिच्या. हिला पोटभर खायला घाला, डाळ घाला, भाजी घाला. नाहीतर बाळंतपणात निभावणार नाही." आत्या "व्हय" म्हणाल्या. पण घरातलं जेवण वरून खाली यायचं. आधी बापय, मग पोरं, मग आत्या, मग मी आणि सगळ्यात शेवटी शेवंता. तिच्यापर्यंत येताना कालवणाच्या गाडग्यात तळ उरायचा. त्यात पाणी घालून, गाडगं खळबळून ती ते चतकोर-अर्ध्या भाकरीवर ओतून घ्यायची. पोट मागायला लागलं की पाणी प्यायची.

मी आमच्या भाऊकीतल्या तानूकाकीच्या पितळ्या आणल्या. चांगल्या जड, उंच काठाच्या. एकीच्या काठाला पोचा होता. पितळी घासताना शेवंतानं राखेनं तिला असं लखलखीत केलं की त्यात तोंड दिसायला लागलं. "अक्का, माजं नाक बगा कसं दिसतंय," ती म्हणाली. मला ती अक्का म्हणायची. "ही मी घेनार. पोच्याची माजी."

काटेवाली बाई जीपमधून उतरली. चष्मा, सुती साडी, हातात लाकडी पेटी. नाव सुमतीताई. कुठल्याशा कॉलेजातून आल्या होत्या. पेटीतून त्यांनी काटा काढला आणि चुलीजवळ मांडला. मला तेव्हा अक्षर-आकडा काही येत नव्हता. तो पुढं नातवंडं झाल्यावर रात्रीच्या वर्गात शिकले. सुई हलते आणि थांबते एवढंच दिसायचं.

"तुम्ही रोजच्यासारखं वागा," सुमतीताई म्हणाल्या. "मी इथं नाहीच असं समजा."

"आसं कसं? पाव्हनी दारात आन न्हाईच समजायचं?" आत्या म्हणाल्या. "च्या घ्या आदी."

"हे कशाला तोलताय, ते तरी सांगा की," मी विचारलं.

"ते आत्ता सांगता येत नाही. आधी सांगितलं की माणसं वेगळी वागतात. मग खरं कळत नाही."

शेवंता माझ्याकडं बघून गालात हसली.

त्या दिवशी बापयांबरोबर आमच्याही पितळ्या वाढल्या. मामंजी भांबावून आत्यांकडं बघायला लागले. आत्यांनी डोळे वटारले, तसे ते मुकाट घास मोडायला लागले. सुमतीताई एकेक भाकरी काट्यावर ठेवायच्या, कालवण वाटीनं तोलायच्या आणि ताटात द्यायच्या. शेवंताच्या पितळीत दोन अख्ख्या भाकरी आल्या, वर घट्ट कालवण, कांदा, शेंगदाण्याची चटणी. ती पितळीकडं बघत नुसती बसली.

"खा की गं," आत्या म्हणाल्या. "आज काय नवीन हाय? रोज खातीस तशी खा."

ती खायला लागली. मी एवढं सावकाश जेवताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"आजी, तुमचं ताट?" सुमतीताईंनी विचारलं.

"माजा सोमवार हाय. म्हादेवाचा."

"मग तुमचं मी धरत नाही. उपासाचं रोजच्यात मोजता येत नाही."

दुसऱ्या दिवशी आत्यांचा मंगळवार निघाला, देवीचा. तिसऱ्या दिवशी बुधवार, विठोबाचा. मला वाटलं, ठकूच्या लग्नासाठी नवस बोलल्या असतील.

आमच्या घरात ताई तीन दिवस बसल्या, पण तेवढ्यात बातमी वस्तीभर झाली. एकीनं सुना पंगतीला बसवल्या म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? रोज आमच्याकडचं आटोपून ताई ज्या घरात जातील, तिथं परसदारानं पितळ्या आधीच पोचायच्या. शेजारच्या हिराच्या घरी ताटं वाढली तेव्हा सुमतीताई काठ निरखून म्हणाल्या, "ही पितळी मी कुठं पाहिली आहे का?"

हिरा डगमगली नाही. "आमच्या समद्या पितळ्या येकाच तांबटानं घडवल्यात, ताई."

"पोच्यासकट?"

"त्येचा हातच तसा जड व्हता."

वस्तीवर हा किस्सा पुढं कितीतरी दिवस सांगून बायका हसत. मीही हसले.

पण तिसऱ्या दिवशी दुपारी सुमतीताई आडावर हात धुवायला आल्या. मी पाणी शेंदत होते. शेवंता घागर घेऊन बाजूला दगडावर टेकली होती. तिला दम लागला होता. तिला तसं बघून मला राहवलं नाही.

"ताई, येक सांगू? तुमी बगताय ते रोजचं न्हाई."

त्यांनी चष्मा पुसता पुसता थांबून बघितलं. "म्हणजे?"

"आमाला येगळं ताट नसतं. मालकांचं झालं की त्येंच्याच ताटात. उरलं तर. हिला तर उरतच न्हाई."

सुमतीताई गंभीर झाल्या. शेवंताजवळ बसल्या. "शेवंता, जाऊबाई म्हणतात ते खरं आहे? घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मग खळखळून हसली. "अक्कांना थट्टेची लई खोड हाय, ताई. मी माह्यारी उपाशी व्हते. हितं आल्यापासून दोन भाकरी खातीया. तुमी डोळ्यानं बगितलं न्हाई का?"

"पाहिलं ना."

"मंग?"

ताई उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "घरोघरी जावा-जावांचं असतं थोडंफार. तुम्ही मोठ्या आहात." मला झोंबलं.

त्या लांब गेल्यावर मी शेवंतावर उसळले. "खोटं का बोललीस गं? मला त्वांडघशी पाडलंस!"

ती घागरीच्या काठावरनं बोट फिरवत राहिली.

"अक्का, सोमवार म्हादेवाचा, मंगळवार देवीचा, बुधवार इठोबाचा. सगळं देव आत्याला येकाच आठवड्यात कसं आठवलं?"

"नवस आसंल."

"नवस न्हाई. पीठ रोजच्याएवढंच काढत्यात त्या, वर फकस्त येका भाकरीचं. मी मळतीया की. जास्तीची येकच भाकरी थापायला सांगत्यात. मंग माज्या पितळीत दोन आल्या कुटनं? येक ती, आन येक त्येंची." तिचे डोळे भरले. "तीन दिस त्यांनी पान्यावर काढलं आन माज्या म्होरं ताट ठिवलं. मंग मी त्या पाव्हनीला सांगू, की माजी सासू मला उपाशी ठिवती?"

आम्ही घागरी उचलल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जीप गेली. तानूकाकीच्या पितळ्या पोचवायला शेवंताच गेली. पोच्याची पितळी तिनं सगळ्यात वर ठेवली होती. संध्याकाळी घरात जुनी रीत सुरू झाली. आत्यांनी पीठ काढताना मूठ आवळली. तीन दिवसांची जादा भाकरी कुठून तरी भरून काढायला हवी होती, आणि जेवणाचं वरून खाली येणारं पाणी सगळ्यात खालच्यालाच आधी तुटतं.

ठकूचं लग्न जमलं. माघात टिळा झाला. बघायला आलेल्या पाहुण्यांनी आत्यांच्या तोंडावर सांगितलं, "तुमच्या घरात सुनांची आबाळ नाही, असं ऐकून आलो." आत्यांचा चेहरा फुलला.

फाल्गुन लागला तशी शेवंता सुजायला लागली. पाय भरले, मग तोंड. दोन पावलं टाकली की भिंत धरायची. आणि त्याच सुमाराला ओढ्यापलीकडच्या कारेवाडीत एक शेड उभी राहिली. पोटुशा आणि लेकुरवाळ्या बायांना तिथं दुपारचं जेवण मिळायला लागलं. डाळ, उसळ, भाकरी, गूळ, एक उकडलेलं अंडं. काटा कशासाठी फिरत होता ते तेव्हा आम्हाला कळलं. कारेवाडीतही सुमतीताई तोलायला गेल्या होत्या. तिथल्या बाया रोजच्यासारख्या उंबऱ्यात बसून, हातावर भाकरी घेऊन खाताना सापडल्या. त्यांना पितळ्या मागून आणायचं सुचलं नाही.

आत्यांनी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ऊन चढल्यावर त्यांनी पितळेचा डबा पदराखाली घेतला. मला म्हणाल्या, "चल."

"कुटं?"

"चल म्हनलं ना."

ओढा ओलांडला तेव्हा मला उमगलं. शेडमध्ये पंगत बसली होती. कारेवाडीच्या पंधरा-वीस बाया, पुढ्यात ताटं, आणि वाढायला सुमतीताई स्वतः.

"अरे, आजी! या, या. बसा."

"बसायला न्हाई आले. माज्या धाकट्या सुनेपुरतं जेवान द्या."

सुमतीताई अवघडल्या. "आजी, टाकेवस्तीला हे मंजूर नाही. तुमच्याकडं बायका-पुरुषांच्या जेवणात फरकच निघाला नाही. काही घरांत तर बायका पुरुषांच्या बरोबरीनं जेवतात असं आलं. आमच्या वरच्या लोकांना फार कौतुक वाटलं तुमच्या वस्तीचं."

पंगतीतली एक बाई म्हणाली, "आगं बया! टाकेवस्तीच्या रान्या कशाला आल्या आमच्या ताटात वाटा मागायला?" दोघी-तिघी हसल्या.

मला वाटलं, आत्या आता वळतील. हयातीत त्यांनी कुणापुढं हात पसरला नव्हता. आत्यांनी पदराखालचा डबा बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांत धरला.

"ते खरं न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बायांना उरलं तर मिळतं. मी तशीच जेवले, माजी सासू तशीच जेवली, आन सुना बी तशाच जेवत्यात. त्या पितळ्या मागून आनल्या व्हत्या. आयकलं का गं समद्यांनी? आता हसा."

कुणी हसलं नाही.

सुमतीताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "मग आजी, मला तेव्हा का नाही सांगितलंत? मी त्याचसाठी आले होते."

"तुमी पाव्हन्या व्हता. पाव्हनी ताट बगायला आली, तर रिकामं ताट दावायचं आसतं व्हय?"

सुमतीताईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगितलं होतंत," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी डबा घेतला, डाळीनं काठोकाठ भरला, वर उसळ, भाकरी, आणि तीन अंडी फडक्यात बांधून दिली. "सोमवारी मी पुन्हा येते. काटा घेऊन. खरं निघालं की लगेच वर कळवते."

"परत तोलनार?"

"तोलल्याशिवाय वरचे ऐकत नाहीत, आजी."

आत्या झपाझप चालत घरी आल्या. बापय जेवायला बसले होते. आत्यांनी शेवंताला ओट्यावरून उठवून आत आणलं, तिच्यापुढं जालिंदरचीच, अजून न वाढलेली पितळी ठेवली आणि डबा उपडा केला.

"ह्यांचं जेवान झालं का?" शेवंतानं विचारलं. तिनं डाळीचा अर्धा भाग बोटांनी बाजूला सारला होता.

"ते ऱ्हाऊ दे. तू खा. आमच्या म्होरं खा."

एवढ्या बापयांसमोर तिला लाज वाटली. भिंतीकडं तोंड करून ती जेवली. अर्ध्यातच दमली. "उरल्यालं उद्या खाते, आत्या," म्हणाली. "लई हाय."

शनिवारी पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या. आठवाच होता. सुईण आली, जालिंदर बैलगाडी जुंपून नर्सबाईला आणायला गेला. नर्सबाई येईपर्यंत मुलगी झाली होती. वीतभर, पण रडली. शेवंताचं मात्र अंगावरून जायचं थांबेना. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चमच्यानं डाळीचं पाणी तिच्या ओठांना लावत होत्या, आणि ते ओठांच्या कोपऱ्यातून गळत होतं.

"खा गं," आत्या म्हणत होत्या. "येवढं खा. माजा उपास हाय. तुजंच हाय समदं."

सोमवारी कबूल केल्याप्रमाणे जीप आली. सुमतीताई काट्याची पेटी घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या. घरात चूल पेटलेली नव्हती. सुतकाच्या घरात भाऊकीनं जेवण आणायचं असतं. तानूकाकी पिठलं-भाकरी घेऊन आली होती. तिनं पितळ्या आमच्यापुढं ठेवल्या. पोच्याची आत्यांच्या पुढ्यात आली.

सुमतीताई त्या काठाकडं बघत राहिल्या. पेटी त्यांच्या हातातच होती.

"व्हय, ताई," आत्या म्हणाल्या. "त्याच ह्या. बसा. आज आमी रोजच्यासारखंच जेवनार हाय."

आणि त्यांनी पितळी लांब सारली.

टाकेवस्तीला जेवणाची शेड आषाढात झाली. त्या सालापासून आमच्या घरात आम्ही बापयांबरोबर ताटं घेतो. आत्यांनीच तशी रीत घातली. स्वतः मात्र त्या सगळ्यांचं झाल्यावरच बसायच्या.

शेवंता त्या साली पाडव्याच्या आधीच्या शनिवारी, दिवस डोक्यावर यायच्या आत गेली. एकोणीस वर्षांची होती. तिची मुलगी रविवारी गेली. नाव ठेवलं नव्हतं. आत्या पुष्कळ जगल्या. ठकूच्या थोरल्या लेकीचं बारसं झालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, त्याच लेकीच्या लग्नाच्या साली श्रावणात त्या गेल्या. त्या दिवशी सोमवार होता, पण त्यांना उपास नव्हता. खरा सोमवार त्यांनी कधी धरलाच नव्हता.